हातांची खुर्ची

४ फेब्रुवारी, मंगळवार

परराष्ट्र खात्याच्या पहिल्या मजल्यावरचा बाक. आजही दिवसभर. बाकाला पाठ नाही, मागची भिंत हीच पाठ. भिंतीचा चुना कोटाला लागतो म्हणून माझे सोबती डॉक्टर पुढे वाकून बसतात आणि मी ताठ बसतो. बघणाऱ्याला वाटावं, एक जण आजारी आहे आणि दुसरा त्याला घेऊन आला आहे.

शिपाई नवा होता. त्याने विचारलं, "कुठला देश?"

सांगितला. त्याने वहीवरून बोट फिरवलं, पान उलटून पुन्हा फिरवलं. "हा यादीत नाही."

"आमच्याकडेही अजून नाही," डॉक्टर म्हणाले.

शिपाई हसला नाही. असल्या कोट्या प्रतिनिधिमंडळाला शोभत नाहीत, असं मी डॉक्टरांना जिन्यात सुनावलं. ते म्हणाले, "मास्तर, मंडळात आपण दोघंच. एकाने शोभा राखली तरी भागतं."

बाकावरून उठताना त्यांचा कोट दोन फळ्यांमधल्या फटीत अडकला आणि उसवला. तपकिरी धागा फटीतच राहिला.

आमच्या देशाला मान्यता द्यावी म्हणून चौथं निवेदन आत गेलं. आधीच्या तिन्हींपेक्षा ते चांगलं उतरलं आहे. इतिहास कमी केला, नकाशा जोडला. शाळेत मी फळ्यावर आमच्या देशाचा नकाशा काढायचो तेव्हा तपासणीस तो पुसायला लावायचे. इथे निदान कुणी पुसत नाही. नीट समजावलं की माणसाला समजतं, याच विश्वासावर माझी सगळी नोकरी झाली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्या बहिणीचा ट्रंक कॉल. घरमालकिणीचा फोन जिन्याच्या वळणावर आहे, तिथे पायरीवर बसूनच बोलावं लागतं. येणारेजाणारे अंगावरून जातात.

धाकटी गुरुवारी डोंगरातून सरहद्दीजवळच्या गावात उतरते. दम्याचं औषध संपत आलेलं असतं. औषधाच्या दुकानातून फोन लावते. बाकीचे सहा दिवस ती बंदूकवाल्यांची प्रमुख असते, त्या दिवशी गिऱ्हाईक.

"बाक कसा आहे?" तिने विचारलं.

"बाकाचं काय?"

"आमच्याकडची पोरं विचारतात. म्हणतात, मास्तरांनी अजून बाक सोडला नाही, म्हणजे शिक्षा कसली झाली आहे?"

"निवेदन आत गेलंय."

"आधीची तीन कुठे गेली?"

मी म्हटलं, इथल्या लोकांना घाई चालत नाही. ती म्हणाली, आमच्याकडच्या लोकांना गोळी चालते का ते विचारून घे. मग खोकली. मी विचारलं, औषध वेळेवर घेतेस का. म्हणाली, "दादा, तू राजदूत आहेस की आई?"

लहानपणी शाळेची टेकडी चढताना तिला धाप लागायची, मी पाठुंगळी घेऊन जायचो. आता ती माणसांना घेऊन डोंगर चढते. हे कसं घडलं, ते मला कधी नीट कळलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

धाकटीच्या लोकांनी नदीवरचा पूल उडवला. पुलावरचे दोन पहारेकरी गेले. पहिल्या पानावर फोटो आहे. घरमालकिणीने जिन्यात तोंड फिरवलं.

खात्यात गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार? दोन वर्षं जे रचत आणलं ते एका पहाटेत नदीत गेलं. संध्याकाळी निषेधाचं पत्रक लिहिलं: डोंगरातल्या लोकांशी आमच्या मंडळाचा कसलाही संबंध नाही. डॉक्टरांनी सही केली, पण आधी पेन बराच वेळ हातात धरून बसले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आश्चर्य. आम्हाला बघताच शिपाई उठला. बाकाकडे बोट न दाखवता त्याने दार उघडलं आणि आतल्या खोलीत बसवलं. खुर्च्या! हात नसलेल्या, पण खुर्च्या. काठीला लावलेलं वर्तमानपत्र होतं. एका कारकुनाने येऊन पत्रक घेतलं आणि 'आभारी आहोत' म्हटलं.

चौथं निवेदन पोचलं म्हणायचं. नकाशा जोडला ते बरं झालं.

रस्त्यात डॉक्टर म्हणाले, "नकाशाने नाही, मास्तर. पुलाने."

मी घरापर्यंत त्यांच्या दहा पावलं पुढे चाललो. दोन माणसं मेली आहेत आणि हे खुर्च्यांचा हिशेब मांडतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटीशी भांडण. जिन्यात असल्यामुळे दबक्या आवाजात भांडावं लागलं. त्याने राग जास्त येतो.

"दोन माणसं होती पुलावर."

"माहीत आहे."

"माहीत आहे, एवढंच?"

तारेतून तिचा श्वास ऐकू येत होता, शिटीसारखा. मग म्हणाली, "त्यातला एक आपल्या शाळेतला होता. मागच्या बाकावर बसायचा. तुला आठवणार नाही, तुझं लक्ष पुढच्या दोन रांगांवर असायचं."

मला खरंच आठवला नाही. रात्रभर हजेरी घेत पडलो.

तिला विचारायचं राहिलं की तुला आठवूनही तू पूल का उडवलास. पण बहुधा तिने तेच सांगितलं आणि मी ऐकलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आठवडाभर तिकडे शांतता. म्हणजे कामाला हुरूप यायला हवा. पण काल आणि आज पुन्हा बाक. आतल्या खुर्च्यांवर दुसऱ्याच कुठल्या देशाची माणसं बसली होती, त्यांच्याकडे म्हणे बंड झालं आहे.

पाचवं निवेदन लिहायला घेतलं. पहिलं वाक्य सात वेळा खोडलं. खोलीत येरझारा घातल्या तर खालून घरमालकीण छत ठोकते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तिकडे शस्त्रागार जळालं. या वेळी कुणी मेलं नाही, पण धूर सरहद्दीच्या अलीकडून दिसला असं बातमीत आहे.

पाचवं निवेदन तातडीने पुरं केलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं सगळं लिहून ठेवलं पाहिजे.

उपसचिवांनी स्वतः बोलावलं. त्यांच्या खोलीत. हातांच्या खुर्च्या, गादीच्या. पातळ कपात चहा. माणूस सुसंस्कृत आहे, माझ्याच वयाचा, नखं स्वच्छ. माझं पाचवं निवेदन त्यांच्यासमोर होतं आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या! कुणीतरी वाचलं आहे.

"तुम्ही लिहिता की डोंगरातल्या लोकांशी तुमचा संबंध नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मग तुमच्याशी बोलून आमचा काय उपयोग?"

चहात साखर किती, असं विचारावं तितक्या सहज विचारलं. ते म्हणाले, राष्ट्रांची परिषद एप्रिलमध्ये आहे. परिषदेत तुमचं नाव घ्यायला आम्ही तयार आहोत, पण एक माणूस हवा, ज्याच्या शब्दावर बंदुका थांबतात. तो माणूस तुम्ही नसाल तर तसं सांगा.

मी म्हणालो, "ते माझं ऐकतात."

का म्हणालो? इतक्या महिन्यांत प्रथमच कुणीतरी माझ्या उत्तराची वाट बघत होतं. दुसरं कारण मला सापडत नाही.

"कोण ऐकतं?"

"त्यांची प्रमुख. माझी धाकटी बहीण आहे."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आमच्या मित्रांच्या कागदांत ती दरोडेखोर आहे." मित्र म्हणजे ज्या सरकारपासून आम्हाला सुटायचं आहे, ते. त्यांचे आणि इथल्या सरकारचे जुने संबंध.

हे मात्र मला सहन झालं नाही. मी सांगितलं, दरोडेखोर कसली? तिला जन्मापासून दमा आहे. दर गुरुवारी गावात उतरते, औषधाच्या दुकानात चार बायकांसारखी रांगेत उभी राहते, औषध घेते आणि तिथूनच थोरल्या भावाला फोन करते. तिला मी पाठीवर बसवून शाळेत नेलं आहे. ते शांतपणे ऐकत होते. काही लिहून घेतलं नाही. शेवटी म्हणाले, "तुम्ही आज मला एक माणूस दाखवलात."

गावाचं नाव मी घेतलं नाही. तेवढी समज मला आहे.

बाहेर आल्यावर डॉक्टर फुटपाथवरच थांबले. "औषधाच्या दुकानाचं कशाला सांगितलंत?"

"ती माणूस आहे हे कळावं म्हणून."

"कळलं असेल." चार पावलं गेल्यावर म्हणाले, "ट्रंक कॉल कोण जोडतं?"

"ऑपरेटर."

"कुणाचा ऑपरेटर?"

मी म्हटलं, तुम्हाला चहाच्या कपातही विष दिसतं. ते म्हणाले, डॉक्टर आहे, बघावं लागतं. गुरुवारी तिला दुकान बदलायला सांगा, एवढं तरी करा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारपासून पायरीवर बसून होतो. फोन आला तेव्हा पहिल्याच घंटेला उचलला.

मी सगळं सांगितलं: परिषद, एप्रिल, उपसचिव. मार्चभर एकही गोळी नको.

"पोरांना काय सांगू? मास्तरांनी सुट्टीची घंटा दिली?"

"महिनाभराचा प्रश्न आहे."

"महिनाभरात ते पूल पुन्हा बांधतील."

"बांधू देत."

"दादा, पलीकडे फौज आहे, तिला यायला पूल लागतो. तू भूगोल शिकवायचास ना?"

"तू एकदा तरी माझ्या बाजूने बघ," मी म्हटलं. आवाज चढला. घरमालकिणीचं दार किलकिलं झालं. मग हळू म्हटलं, "मी शब्द दिलाय."

"काय शब्द दिलास?"

"की तू माझं ऐकतेस."

ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकताना पुन्हा हसू. बराच वेळ. "हे नवीनच काढलंस," ती म्हणाली. मग तिकडे कुणाशी तरी बोलली, दुकानदाराशी असावी. परत आली तेव्हा आवाज वेगळा होता. थकलेला म्हणावा तर तसाही नाही.

"बरं. बघते ऐकून. लहानपणी राहूनच गेलं होतं."

दुकान बदलायचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कारण विचारलं असतं, आणि कारण ऐकून तिने सगळंच मोडलं असतं. शिवाय पुढच्या गुरुवारी फोन कुठून येईल, येईल की नाही, हे तरी मला कसं कळणार होतं? उपसचिवांनी खुशाली विचारली तर सांगायचं काय?

डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, हो, सांगितलं.

४ मार्च, मंगळवार

तिने शब्द पाळला आहे. पेपरात आमच्या देशाबद्दल एक ओळ नाही. सकाळी पेपर उघडतो आणि काही नाही हे बघून बरं वाटतं. मग थोडा वेळ काहीच वाटत नाही.

खात्यात गेलो. उपसचिव दौऱ्यावर. शिपायाने बाक दाखवला. "आतल्या खुर्च्यांना वेत भरायचं काम चाललंय," म्हणाला. दार अर्धवट उघडं होतं. आत माणसं बसलेली दिसत होती. कदाचित दुसऱ्या खुर्च्या असतील.

६ मार्च, गुरुवार

तिचा फोन. घाईत होती. पूल उभा राहिला, पहिल्या गाड्या परवा आल्या. पोरं दात खाताहेत. दोघं निघून गेले, जाताना म्हणाले की आम्ही लढायला आलो होतो, वर्गात बसायला नाही.

"थोडे दिवस," मी म्हटलं.

"तुझ्या उपसचिवांनी काही लिहून दिलंय?"

"असे लोक लिहून देत नसतात."

"हो, लिहायला तू आहेस." मग म्हणाली, "दुकानात नवा माणूस ठेवलाय. फार नम्र आहे. माझं औषध मागायच्या आधी काढून ठेवतो. पुढच्या गुरुवारी ताजा साठा येणार आहे, नक्की या म्हणाला."

मी म्हटलं, बरं झालं, तुला रांगेत थांबायला नको.

जेवताना डॉक्टरांना सहज हे सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. "तुम्ही तिला दुकान बदलायला सांगितलं होतं ना?"

मी पाणी प्यायलो. ते माझ्याकडे बघत राहिले. असं बघणं मला ठाऊक आहे, मी वर्गात असाच बघायचो. शेवटी ते उठले आणि ताट धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

८ मार्च, शनिवार

डॉक्टर गेले. सकाळी बाजारात जाऊन आले, पिशवीत दम्याच्या औषधाच्या बाटल्या होत्या, प्रत्येक बाटली मोज्यात गुंडाळलेली. सगळे मोजे त्यात संपले. बूट अनवाणी पायांत घातले.

"कुठे?"

"तिला डोंगरातून उतरावं लागू नये."

"गुरुवारपर्यंत पोचाल का तरी? गाडी सरहद्दीपर्यंतच जाते. पुढे चालत."

"म्हणून आज निघतोय."

मी रागावलो. ऐन परिषदेच्या तोंडावर निम्मं मंडळ उठून जातं, हे लोकांना दिसेल कसं? मी विचारलं, खात्यात काय सांगू?

"बाकावर एक माणूस पुरतो," ते म्हणाले. दारात वळून त्यांनी माझ्या कोटाच्या पाठीवरचा चुना झटकला, आणि गेले.

भित्रे आहेत असं लिहिणार होतो. लिहून खोडलं.

११ मार्च, मंगळवार

बाक. एकटा. आता भिंतीला टेकून बसतो, चुना झटकणारं कुणी नाही तरी.

शिपायाने विचारलं, "दुसरे साहेब?" मी म्हटलं, आजारी आहेत. तो म्हणाला, "तेच तर तुमच्यात बरे दिसायचे."

१३ मार्च, गुरुवार

फोन नाही.

दुपारी जाऊन बसलो. तार खराब असेल. औषधाचा साठा यायला उशीर झाला असेल. डॉक्टर वेळेत पोचले असतील आणि ती उतरलीच नसेल. हे शेवटचंच खरं असणार. उतरायची गरजच उरली नाही, म्हणून फोन नाही. फोन न येणं ही चांगली खूण आहे. असं मी मला पुन्हा पुन्हा समजावलं. नीट समजावलं. समजलं नाही.

दिवे लागल्यावर घरमालकीण वर आली. मला वाटलं ओरडणार. तिने पायरीवर उशी ठेवली आणि खाली गेली.

एक गोष्ट लिहून टाकतो. तिथे बसल्या बसल्या मनात आलं, आज कुठेतरी काहीतरी उडावं. एखादं ठाणं, एखादी गाडी, काहीही. म्हणजे उद्या पेपर उघडला की ती आहे हे कळेल.

१४ मार्च, शुक्रवार

हे खात्यातच लिहितो आहे.

सकाळी जिन्यात पेपर नव्हता. घरमालकीण म्हणाली, आजचा अंक आला नाही. शेजारच्या दारात तो पडलेला होता. तिने मला न विचारता चहा दिला आणि मी पिईपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

शेजारचा अंक मी उचलला नाही. वाकलो होतो, पण उचलला नाही. सरळ इथे आलो.

मला बघून शिपाई लगबगीने पुढे आला. वही उघडून दाखवली. पानावर शेवटी आमच्या देशाचं नाव. "सकाळीच वरून हुकूम आला. मीच लिहिलं, साहेब. अक्षर बरं आहे ना?"

अक्षर बरं होतं. मी तसं म्हणालो. पंचवीस महिने, खात्यातल्या नऊ माणसांच्या सह्या, पाच निवेदनं, आणि ते नाव आता तिथे आहे. त्याच्या वर एक देश आहे, खाली कोरी जागा.

त्याने मला उपसचिवांच्या खोलीत नेलं. हातांची खुर्ची आधीच ओढून ठेवलेली. चहा आधीच ओतलेला, पातळ कपात, बशीने झाकलेला. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला. वर्तमानपत्राची काठी कोपऱ्यात होती, काठीला वर्तमानपत्र नव्हतं.

मी बसलो. खुर्ची मऊ आहे. हात दोन्ही बाजूंनी बरोबर कोपराखाली येतात.

पुलानंतर खुर्ची मिळाली. शस्त्रागारानंतर हातांची खुर्ची मिळाली. शांत राहिलो तेव्हा बाक. डॉक्टरांचा हिशेब मी आज प्रथमच मांडून बघितला. तिकडे अडीच आठवडे काहीही उडालेलं नाही. मग आज ही खुर्ची कशाची?

उठलो आणि बाहेर येऊन बाकावर बसलो.

शिपाई धावत आला. "साहेब, आत बसा ना. ते स्वतः येताहेत तुम्हाला भेटायला."

"इथे बरं आहे."

"आता बाकावर कशाला? आता तुम्ही यादीत आहात."

बाकावर कुणी कुणाला काही सांगत नाही. बाकावर बसलेल्या माणसाला थांबावं लागतं, एवढंच. ती गावातल्या दुकानात रांगेत उभी आहे, डॉक्टर अनवाणी पायांत बूट घालून चढण चढताहेत, कुठेही काही झालेलं नाही. मी इथे आहे तोवर.

फटीत तपकिरी धागा अजून आहे. मी तो काढला नाही.

आतलं दार उघडल्याचा आवाज. बूट वाजताहेत. नेहमीसारखे नाहीत, सावकाश. शिपायाने टोपी काढली आहे.